चामड्याच्या हँडबॅगेला बुरशी लागली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै अर्धा सरला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. काळ्या पर्सवर पांढरा भुरा, तपकिरी बॅगेच्या पट्ट्यावर हिरवट ठिपके, आणि खाली एकच ओळ: "आईची आहे गं, काय करू?" मी चामड्याची कारागीर नाही. मावशीची एक मरून रंगाची हँडबॅग चिपळूणच्या घरातून माझ्याकडे ठाण्याला आली. ती वाचवण्याच्या नादात आधी मी तिची वाट लावली, आणि मग एकेक गोष्ट शिकत गेले. तेव्हापासून ओळखीतल्या सगळ्याजणी मलाच विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसकट लिहून ठेवते आहे.

ही बुरशीच आहे कशावरून?

आधी हेच तपासा, कारण निम्म्या वेळा ती बुरशी नसते. बुरशी कापसासारखी किंवा पिठासारखी दिसते. ती गोल-गोल ठिपक्यांत येते आणि तिला कुबट वास असतो. शिवणीत, पट्ट्याच्या आतल्या बाजूला, हात लागून तेलकट झालेल्या जागी ती आधी धरते.

पुण्या-नाशिकच्या थंडीत डिसेंबरमध्ये बॅगेवर सारखा पसरलेला पांढरट, मेणचट थर दिसला तर तो बहुधा चामड्यातला स्निग्धांश वर आलेला असतो. कमवताना चामड्यात चरबी आणि तेलं मुरवलेली असतात, ती थंडीत पृष्ठभागावर येऊन गोठतात. केस वाळवायचा ड्रायर अगदी मंद ठेवून, हातभर अंतरावरून काही सेकंद फिरवा. थर विरघळून नाहीसा झाला तर ती चरबी. मऊ फडक्याने पुसून टाका, विषय संपला. बुरशी अशी विरघळत नाही.

तिसरा प्रकार पितळी बक्कल आणि रिबिटांच्या भोवती दिसतो. हिरवा, मेणासारखा, दातकोरणीने खरवडला की लगदा निघावा असा. पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी यांच्या संयोगातून तो तयार होतो. लाकडी दातकोरणीने हळूच काढायचा आणि कोरड्या कापसाने टिपायचा. त्यावर स्पिरिट, व्हिनेगर काहीही ओतायची गरज नाही.

बॅग खऱ्या चामड्याची आहे की रेक्झिनची, हे कसं कळेल?

चेनच्या आत किंवा खिशाच्या कडेला जिथे न दुमडलेली, कापलेली कड दिसते तिथे पाहा. चामड्याच्या कडेला एकमेकांत गुंतलेले तंतू दिसतात. रेक्झिनच्या कडेला वर प्लास्टिकचा पातळ थर आणि खाली विणलेलं कापड दिसतं. तुमच्या बॅगेचे पापुद्रे सुटून काळी भुकटी कपड्यांना लागत असेल, तर दमटपणामुळे तिचा वरचा कृत्रिम थरच विघटित झाला आहे. त्याला बुरशीचा उपाय चालत नाही, खरं तर कुठलाच चालत नाही.

कपाट तर बंद होतं. मग बुरशी आली कुठून?

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तुमच्या-माझ्या घरातही आत्ता आहेत. त्यांना रुजायला ओल लागते, आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की तेवढी ओल त्यांना पुरते. किनारपट्टीवर, म्हणजे मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजीला, जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसचे दिवस ८० च्या वरच असते. चामडं हवेतली ओल शोषून घेतं. त्यात तेल, घाम, हँडक्रीम, सांडलेल्या चहाची साखर, म्हणजे खाऊही तयार. बंद कपाटात वारा नाही आणि उजेड नाही. बाहेरच्या भिंतीला चिकटून असलेल्या लोखंडी कपाटाचा सगळ्यात खालचा खण तर बुरशीचं माहेरघरच. आणि आपण नेमकी न वापरातली, जपून ठेवायची बॅग तिथेच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतो.

आता नेमकं काय करायचं?

बहुतेकजणी दिसल्या-दिसल्या ओल्या फडक्याने पुसायला घेतात. मीही तेच केलं होतं. ताजी, ओलसर बुरशी पुसली की ती चामड्याच्या छिद्रांत आणि शिवणीत चोळली जाते. म्हणून आधी वाळवा, मग पुसा. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

बॅग रिकामी करा, सगळ्या चेनी उघडा आणि ती एसीच्या खोलीत किंवा पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. पंख्याचा झोत थेट तिच्यावर नको, नाहीतर बीजाणू घरभर उडतील. एसीला 'ड्राय' मोड असेल तर तोच लावा. दोन दिवसांत भुरा कोरडा, पिठासारखा होतो. मग बॅग गॅलरीत किंवा गच्चीवर न्या. नाका-तोंडाला मास्क आणि हातात मोजे घाला. बाळाच्या केसांचा असतो तसा मऊ ब्रश घेऊन वरून खाली, स्वतःपासून लांबच्या दिशेने झटका. शिवणीसाठी जुना मऊ टूथब्रश चालेल. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याच्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधून कमी जोरावर फिरवा, पण साध्या यंत्राने घरात हे करू नका. बारीक बीजाणू त्याच्या मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात. काम झालं की ब्रश गरम पाण्यात साबणाने धुऊन टाका.

आता पुसण्याची पाळी. औषधाच्या दुकानातून ७० टक्क्यांचं आइसोप्रोपिल अल्कोहोल आणा. ९९ टक्क्यांचं जास्त भारी असेल असं वाटतं, पण ते क्षणात उडून जातं. बुरशी मरायला त्यात थोडं पाणी असावं लागतं. बॅगेच्या तळाशी किंवा पट्ट्याच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, आधी कापसाचा बोळा हलकेच टेकवा आणि पाच मिनिटं थांबा. बोळ्याला रंग लागला किंवा चामड्याची चकाकी गेली तर अल्कोहोल तुमच्या बॅगेसाठी नाही. त्याऐवजी सौम्य साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा.

रंग उतरला नाही तर जुन्या धोतराचं किंवा बनियनचं पांढरं फडकं घ्या. ते नुसतं दमट करा, निथळता कामा नये. फक्त डागावर न घासता एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत अख्खा तुकडा पुसा, नाहीतर मधोमध फिकट वर्तुळ उमटतं. फडक्याची घडी सारखी बदलत राहा. जवळ गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको, कारण हे स्पिरिट पेट घेतं.

मग पुन्हा दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर. आतमध्ये कोऱ्या कागदाचे बोळे भरून ठेवा म्हणजे आकार बिघडत नाही. वर्तमानपत्र नको, त्याची शाई अस्तराला लागते. यानंतर एक आठवडा बॅगेला काहीही लावू नका. फक्त बघत राहा. भुरा पुन्हा आला नाही, तरच लेदर क्रीमचा अगदी पातळ हात द्या आणि जास्तीचं पुसून काढा.

व्हिनेगर चालेल का? आणि डेटॉल, सॅनिटायझर, लिंबू?

पांढरं व्हिनेगर समभाग पाण्यात मिसळून वापरता येतं, पण मी ते दुसऱ्या पसंतीचं मानते. त्याने काही बुरशा मरतात, काही मरत नाहीत, आणि वास रेंगाळतो. रंगीत माल्ट व्हिनेगर नकोच.

डेटॉल तेलकट डाग सोडतं. सॅनिटायझरच्या जेलमध्ये अल्कोहोल असतं खरं, पण घट्टपणा आणणारे पदार्थ आणि ग्लिसरीनही असतं, त्याने चिकट थर बसतो. लिंबाच्या रसात साखर आहे, म्हणजे बुरशीला सरबत. ब्लीचने चामड्याचे तंतूच खाल्ले जातात. खायचा सोडाही थेट चोळू नका. चामडं मुळात आम्लधर्मी असतं आणि सोडा त्याच्या उलट, त्यामुळे ते कडक होतं आणि तडकतं.

खोबरेल तेल लावलं तर चमक येईल ना?

येईल. आणि तीन आठवड्यांनी दुप्पट बुरशी येईल. मावशीच्या बॅगेचं मी हेच केलं होतं. पुसून झाल्यावर मोठ्या मायेने खोबरेलाचा हात फिरवला आणि कपाटात ठेवून दिली. गणपतीत कपाट उघडलं तेव्हा तिच्यावर हिरवं शेवाळ उगवल्यासारखं दिसत होतं. खाद्यतेल हे बुरशीचंही खाद्य. शिवाय ते चामड्यात मुरून जागोजागी काळपट डाग पाडतं आणि पुढे खवट वास सोडतं. शेंगदाणा, तीळ, ऑलिव्ह, सगळ्यांची तीच गत.

उन्हात ठेवली तर एका दिवसात काम होईल का?

पापड-कुरडयांना जे ऊन मानवतं ते चामड्याला मानवत नाही. कडक उन्हात त्याचं तेल उडतं, ते आक्रसतं, रंग विटतो, आणि चिकटवलेल्या कडा सुटतात. पावसाची उघडीप मिळाली तर सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास दाखवायला हरकत नाही. नंतर सावली आणि वारा.

आतल्या अस्तराचं काय?

बाहेरची बॅग चकचकीत करून अस्तर तसंच ठेवलं तर बुरशी आतून परत येते. खिसे बाहेर ओढा. कोपऱ्यात साठलेली धूळ, तिकिटांचे तुकडे, चुरा झालेली गोळी, सगळं झटकून काढा. सुती अस्तर अल्कोहोलच्या दमट फडक्याने पुसा आणि खिसे बाहेर ठेवूनच वाळवा. अस्तर सडून फाटायला आलं असेल तर ते उसवून नवं लावून घेणं स्वस्त पडतं. चांगला बॅगदुरुस्तीवाला हे काम सहज करतो.

स्वेडची, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्याची बॅग आहे.

पाणी नको, साबण नको, क्रीम तर मुळीच नको. पूर्ण वाळवा, स्वेडच्या ब्रशने एकाच दिशेने झटका, राहिलेल्या डागावर साधा पांढरा खोडरबर हलकेच चालवा. अल्कोहोल वापरायचंच असेल तर कापसाच्या काडीवर घेऊन टिपा, घासू नका. महागाची असेल तर जाणत्याच्या हाती द्या.

बुरशी गेली, पण काळे ठिपके राहिले.

ते ठिपके म्हणजे बुरशीने सोडलेला रंग. तो तंतूंमध्ये उतरलेला असतो, जोर लावून निघत नाही. घासाल तर वरचं पॉलिश जाईल आणि डाग आणखी उठून दिसेल. गडद बॅगेवर त्याच छटेचं क्रीम पॉलिश लावलं की बरंच झाकतं. फिकट रंगाची असेल तर रंगकाम करणाऱ्याकडेच द्यावी लागते. नाहीतर ठिपक्यांसकट वापरा. मी वापरते.

कुबट वास जात नाही.

वास राहिला याचा अर्थ बहुधा ओल राहिली. आधी आणखी दोन-चार दिवस हवेवर टांगा. मग एका मोठ्या झाकणाच्या डब्यात बॅग उघडी ठेवा आणि शेजारी वाटीत खायचा सोडा किंवा सक्रिय कोळशाच्या (अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल) पुड्या ठेवा, तिला स्पर्श होणार नाही अशा. आठवडाभर राहू द्या. अत्तर मारू नका, कुबट मोगरा फार वाईट लागतो.

फ्रीजरमध्ये ठेवली तर बुरशी मरते असं ऐकलं आहे.

मरत नाही, झोपते. बाहेर काढल्यावर गार बॅगेवर दव धरतं आणि ती ताजीतवानी उठते.

बॅग पावसात चिंब भिजली, किंवा पुराच्या पाण्यात गेली. वाचेल?

पावसात भिजली असेल तर वेळेला महत्त्व आहे. ओल्या चामड्यावर एक-दोन दिवसांत बुरशी धरू शकते. टॉवेलने टिपा, कागदाचे बोळे भरा, दर दोन-तीन तासांनी बोळे बदला, पंख्याखाली ठेवा. हीटर किंवा ड्रायर लावून घाई केलीत तर चामडं खडखडीत होतं.

पुराची गोष्ट वेगळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा तळमजल्यांवरच्या किती कपाटांत पाणी शिरलं याचा हिशेब नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हाही तेच झालं. त्या पाण्यात गटार, डिझेल, चिखल सगळं असतं. हातात रबरी मोजे घाला, आधी स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेने चिखल धुऊन काढा (चामडं एरवी असं धुवायचं नसतं, पण वाळलेला चिखल जास्त वाईट), मग वरच्यासारखंच वाळवा. आतला पुठ्ठा फुगला असेल तर तो बदलावाच लागतो. बॅग जगते, पण पूर्वीसारखी दिसत नाही.

कपाटातल्या बाकीच्या वस्तूंना लागण होईल का?

ओल तीच असेल तर होईल. खण पूर्ण रिकामा करा, साबणाच्या पाण्याने आणि मग अल्कोहोलने पुसा, पंखा लावून दार दिवसभर उघडं ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पट्टे, बूट, चामडी बांधणीची पुस्तकंही तपासा. भिंतीलाच ओल येत असेल तर आधी भिंत दुरुस्त करा.

सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या की झालं ना?

रोज उघडझाप होणाऱ्या कपाटात बुटांच्या खोक्यातली एक इवली पुडी म्हणजे समुद्रात स्पंज. ती तासाभरात भरते. सिलिका जेलचा उपयोग घट्ट झाकणाच्या डब्यात होतो. पूर्ण वाळलेली बॅग मलमलीच्या पिशवीत घालून डब्यात ठेवा, सोबत १०० ते २०० ग्रॅम सिलिका. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले. ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा निळे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, म्हणून खाण्याच्या भांड्यात तापवू नका आणि मुलांपासून लांब ठेवा.

नुसती प्लास्टिकची पिशवी आणि हा डबा यांत फरक काय, असं बऱ्याचजणी विचारतात. फरक सिलिकाचा. पिशवीत असलेली ओल आतच कोंडली जाते, डब्यात ती दाण्यांत जाते.

बाजारात ओल शोषून खाली पाणी साठवणारे डबे मिळतात. ते काम करतात, पण त्यांतलं खारं पाणी बॅगेवर सांडलं तर न निघणारा डाग पडतो. ठेवायचेच तर सगळ्यात खाली, आडवे होणार नाहीत असे.

आणखी एक, काहीशे रुपयांत आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर मिळतो. तो कपाटात ठेवा. ६० च्या वर सतत दिसायला लागला की हालचाल करा. माझ्या मते या यादीतली सगळ्यात उपयोगी खरेदी हीच.

डांबराच्या गोळ्या, कापूर, कडुलिंबाचा पाला?

डांबरगोळ्या किड्यांसाठी. बुरशीच्या कामी त्या येत नाहीत, आणि वास चामड्यात असा बसतो की पुढची दोन वर्षं लग्नात शेजारचा माणूस सरकून बसतो. कापराचंही तसंच. कडुलिंबाचा पाला ओला ठेवलात तर तुम्ही स्वतःच्या हाताने कपाटात ओल नेली.

आमची आजी कपाटात बल्ब लावून ठेवायची.

आजीचं बरोबर होतं. बंद जागेतली हवा थोडी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. पण तो जुना, तापणारा पिवळा दिवा होता. एलईडी जेमतेम कोमट होतो, त्याने हे काम होत नाही. आणि साड्यांच्या गठ्ठ्याशेजारी तापलेला बल्ब म्हणजे आगीला निमंत्रण, म्हणून मी ते सुचवत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा बॅग बाहेर काढा, एसी चालू असलेल्या खोलीत तासभर ठेवा, जमलं तर खांद्याला लावून भाजीला जाऊन या.

कोल्हापुरी चपलांनाही हेच करायचं?

नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलांचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं असतं. असं चामडं पाणी पटकन पितं आणि त्यावर बुरशीही लवकर धरते. अल्कोहोलने त्याच्यावर ठळक डाग उमटू शकतात. वाळवा, कोरड्या ब्रशने झटका, तेवढंच. न रंगवलेल्या, नैसर्गिक तपकिरी चामड्याची बॅग असेल तर तिलाही हाच नियम. मृगाच्या आधी, मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्या बांधून ठेवलेल्या बऱ्या.

मला दमा आहे. मी हे काम करू का?

नको. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बाहेर बसून करू दे. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसानेही हात लावू नये.

कारागिराकडे कधी न्यायची?

चामडं बोटाने दाबल्यावर भुकटी होत असेल, शिवण कुजली असेल, किंवा रंगाची चाचणी नापास झाली असेल तेव्हा. मुंबईत धारावीत चामड्याच्या वस्तू बनवणारी आणि विकणारी दुकानं रांगेने आहेत, तिथे दुरुस्तीचा माणूस विचारत गेलं की सापडतो. कोल्हापुरातही सापडेल. देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि "पॉलिश मारू नका, आधी विचारा" असं दोनदा सांगा. माझ्या एका मैत्रिणीची मधाच्या रंगाची पर्स बुटाच्या काळ्या पॉलिशने 'नवी' होऊन परत आली होती.

मग मावशीच्या बॅगेचं काय झालं?

खोबरेल तेल काढायला दोन महिने गेले. साबणाचं दमट फडकं, वाळवणं, पुन्हा फडकं. डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा काळपट डाग राहिला आहे. अस्तर नवं लावलं, पण आतला छोटा खिसा जुनाच ठेवला, कारण त्यात चिपळूण-मुंबई एसटीचं एक तिकीट होतं आणि त्याचा गुलाबी रंग कापडाला लागला आहे.